शनिवार-रविवारची पाँडिचेरी, वाटेवर जिंजी: वेळेचं गणित

कट्टेकरी (धागाकर्ता)

जोडून सुट्टी नाही, नुसता शनिवार-रविवार हातात आहे, तर पाँडिचेरी होते का? हा प्रश्न इथे वारंवार येतो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत, म्हणून एका जागी लिहितो. होते, आणि आरामात होते. पण ऑरोविल, महाबलीपुरम, पिचावरम, जिंजी हे सगळं त्यातच कोंबलं तर गाडीतून उतरायलाही वेळ उरत नाही. माझं मत विचाराल तर दीड दिवस शहराला, अर्धा दिवस जिंजीला. बाकीचं पुढच्या खेपेला.

आधी रस्ता. बंगळूरहून कृष्णगिरी, चेंगम, तिरुवण्णामलै, जिंजी, तिंडीवनम असं साधारण ३१० किलोमीटर पडतं. म्हणजे जिंजीसाठी वाट वाकडी करावी लागत नाही, रस्ता किल्ल्याच्या डोंगरांमधूनच जातो. पहाटे चारला निघालात तर नवाच्या सुमारास, फाटक उघडतं तेव्हा, पायथ्याशी पोचता. एक मात्र कॅलेंडरमध्ये बघून घ्या: पौर्णिमा. तिरुवण्णामलैला त्या रात्री डोंगराच्या प्रदक्षिणेला, म्हणजे गिरिवलमला, लाखो लोक येतात आणि गावातून गाडी काढणं अवघड होतं. कार्तिकै दीपमच्या दिवसांत (नोव्हेंबर-डिसेंबर) तर हा मार्ग विसराच.

चेन्नईहून दोन वाटा आहेत. किनाऱ्याने जाणारा ईस्ट कोस्ट रोड (ईसीआर), साधारण १५० किलोमीटर, आणि आतला तांबरम-चेंगलपट्टू-तिंडीवनम. जिंजी करायची असेल तर जाताना आतला, येताना ईसीआर.

मुंबई-पुण्याहून विमानाने चेन्नई. विमानतळ शहराच्या दक्षिण अंगाला आहे, त्यामुळे चेन्नईत शिरायची गरज नाही, बाहेर पडून थेट दक्षिणेला लागायचं. दादर-पुदुच्चेरी चालुक्य एक्स्प्रेस पुणे-मिरज-हुबळीवरून जाते खरी, पण दीड दिवस घेते. शनिवार-रविवारच्या हिशोबात ती बसत नाही.

आता शहर. जुनं गाव म्हणजे एक लंबगोल, भोवती चार बुलव्हार (रुंद रस्ते), आत सरळ रेषांची चौकट. मधून उत्तर-दक्षिण एक कालवा जातो. (नावाला कालवा, वासाला नाला.) त्याच्या पूर्वेला समुद्राच्या बाजूची व्हाइट टाउन, पश्चिमेला तमिळ, ख्रिस्ती आणि मुस्लिम वस्त्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा तास पुरतो. म्हणून व्हाइट टाउनमध्ये गाडी घेऊन फिरू नका. बरेच रस्ते एकदिशा, शनिवारी पार्किंग मिळत नाही, आणि एक चौक चुकलात की पाच चौकांचा वळसा. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी लावा आणि रविवार दुपारपर्यंत तिला हात लावू नका.

किनाऱ्यालगतचा प्रोमेनाड (गुबेर अव्हेन्यू) संध्याकाळी ६ ते सकाळी ७:३० वाहनांना बंद असतो. शहर बघायची खरी वेळ तीच. आपल्याकडे समुद्र म्हणजे मावळतीची सवय. इथे समुद्र पूर्वेला. संध्याकाळी सूर्य शहरामागे जातो, पाणी लवकर काळं होतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी गर्दी आणि वारा, रविवारी पहाटे सूर्योदय, अशी वाटणी करा. जानेवारीत साडेसहाच्या आसपास उजाडतं, मेमध्ये पावणेसहाला.

दुपारी १२:३० ते ४ मध्ये काहीही ठरवू नका. मणकुळ विनायगर मंदिर बंद असतं, अरविंद आश्रमाची दुपारची सुट्टी असते, बरीच दुकानं शटर ओढतात. त्या वेळेत जेवण आणि झोप. म्युझियम सोमवारी बंद, त्यामुळे रविवार जोडून सोमवार घेणाऱ्यांनी ते आधी उरकावं.

नवा_भिडू

मस्त धागा. तीन शंका. (१) पाँडिचेरीचा किल्ला कुठे आहे? नकाशात सापडत नाही. (२) पावसाळ्यात, जुलैमध्ये गेलं तर चालेल? (३) ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर जिंजी जमेल?

मोडीवाचक

किल्ला नाही, म्हणून सापडत नाही. फोर्ट लुई होता, इंग्रजांनी १७६१ मध्ये शहर घेतलं तेव्हा किल्ल्यासकट जवळजवळ सगळं गाव जमीनदोस्त केलं. आजचं भारती पार्क आहे ती त्याची जागा. १७६३ च्या पॅरिस तहाने गाव फ्रेंचांना परत मिळालं आणि पुन्हा उभं राहिलं. त्यामुळे "सतराव्या शतकातली फ्रेंच घरं" असं कुणी गाइड सांगू लागला तर मान डोलवा आणि पुढे चला.

पार्काच्या मधोमध पांढरा आयी मंडपम आहे, तिसऱ्या नेपोलियनच्या काळातला. आयी नावाच्या गणिकेने शहराबाहेरचा आपला वाडा पाडून तिथे तलाव खोदवला अशी कथा आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच भागातून पाट काढून शहराला पाणी आणलं, त्याची ही आठवण. राजाराणीचा पुतळा सोडून एका गणिकेच्या नावाचा मंडप शहराचं बोधचिन्ह होतो, हे मला या गावाचं सगळ्यात आवडतं.

मराठ्यांचा धागा असा: पाँडिचेरीची वखार १६७४ ची, फ्रान्स्वा मार्तँने विजापूरच्या शेरखान लोदीच्या परवानगीने मांडलेली. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात महाराजांनी शेरखानाला हरवलं, जिंजी घेतली, आणि मार्तँला महाराजांकडे वकील पाठवून अभय मागावं लागलं. ते मिळालं, शत्रूला मदत करायची नाही या बोलीवर. पुढे १६९३ मध्ये डचांनी पाँडिचेरी घेतली आणि १६९९ मध्ये परत केली. डचांनी ती घेतली तेव्हा राजाराम महाराज जिंजीत मुघल सरदार झुल्फिकारखानाच्या वेढ्यात होते. दोन्ही ठिकाणं एका फेरीत बघण्याला हे कारण मला पुरेसं वाटतं.

फिल्टर_कापी

शंका २: आपला पावसाळा म्हणजे तिथला उन्हाळा संपता संपताचा काळ. जुलैत कोरडं, दमट, ३५ च्या आसपास, अधूनमधून संध्याकाळी एखादी सर. त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मान्सून. आणि तो वादळांचा काळ. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पाँडिचेरीजवळच जमिनीवर आलं आणि शहर अक्षरशः बुडालं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून विमान काढणाऱ्यांनी रद्द केल्यास पैसे परत मिळतील असं तिकीट काढावं. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त ३१ डिसेंबर वगळून. त्या दिवशी अर्धं बंगळूर तिथे असतं.

जुलैचा एक फायदा: १४ जुलै. प्रोमेनाडवरचं फ्रेंच युद्धस्मारक एरवी कुंपणाबाहेरूनच बघायचं, त्या दिवशी ते उघडतं. फ्रेंच नागरिकत्व असलेली तमिळ कुटुंबं अजून गावात आहेत, बास्तील दिनाला त्यांची वर्दळ दिसते.

सह्यकडा

शंका ३ चं उत्तर लांब आहे, कारण जिंजी म्हणजे एक किल्ला नाही. राजगिरी, कृष्णगिरी (बंगळूरच्या वाटेवरचं गाव नव्हे) आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर, त्यांना जोडणारा तट सुमारे १३ किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच.

राजगिरी सुमारे ८०० फूट. सह्याद्रीत फिरणाऱ्याला आकडा किरकोळ वाटेल, पण फसू नका. वाट बांधीव आहे, पायऱ्या ग्रॅनाइटच्या आणि उंचीला एकसारख्या नाहीत. गुडघे त्यानेच जातात. कमलकण्णी अम्मनच्या देवळापर्यंत थोडीफार झाडी, त्यानंतर उघडा कातळ. दहानंतर तो कातळ तापतो आणि खालून भाजतो. शेवटच्या टप्प्याआधी एक खोल भेग लागते, साधारण ७ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल; तिच्यावरचा पूल काढून घेतला की बालेकिल्ला तुटला. वेढा इतकी वर्षं का चालला ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. चढायला तास-सव्वा तास, उतरायला पाऊण, वर अर्धा तास. दुपारी तीननंतर राजगिरीवर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्या, वर विकत काही नाही. माकडं भरपूर. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती खायचीच आहे असं त्यांचं ठाम मत आहे. पाणी आणि खाऊ बंद चेनच्या पाठपिशवीत, बाटली बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात नको. बूट रबरी तळव्याचे. गुळगुळीत कातळावर चपला घसरतात.

ज्येष्ठांसाठी: राजगिरीच्या पायथ्याचा भाग सपाट आहे आणि तोच सर्वांत श्रीमंत आहे. कल्याण महाल (मजल्यांवर मजले चढत गेलेला चौकोनी मनोरा), शेजारी धान्याची कोठारं, तलाव, सादतउल्लाखानाची मशीद, आणि थोडं बाजूला वेंकटरमण मंदिर. दीड तास निवांत जातो. धडधाकट मंडळी वर जाईपर्यंत बाकीच्यांनी हे बघावं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट २५ रुपये, ते जपून ठेवा, रस्त्याच्या पलीकडच्या कृष्णगिरीवरही दाखवावं लागतं.

वेळ एकाच डोंगरापुरता असेल तर राजगिरी. पाय एकाच डोंगरापुरते असतील तर कृष्णगिरी. पाऊण तासात वर, आणि घुमटाखालचा दरबार हॉल सुंदर आहे.

मोडीवाचक

सह्यकडा, वेंकटरमण मंदिराबद्दल एक पुस्ती. त्या मंदिरातले उंच एकसंध खांब फ्रेंचांनी पाँडिचेरीला नेले असं सांगतात. प्रोमेनाडवर गांधीजींच्या पुतळ्याभोवती आठ खांब उभे आहेत ना, तेच. लोक पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि खांबांकडे पाठ करतात. सकाळी सातच्या आत जा, ऊन समुद्राकडून आडवं येतं तेव्हा खांबांवरचं बारीक कोरीव काम उठून दिसतं. दुपारी डोक्यावरच्या उन्हात ते सपाट होऊन जातं. जिंजीला मंदिर बघितल्यानंतर हे खांब बघा, रिकामी जागा आधी आणि खांब नंतर. बंगळूरहून येणाऱ्यांना हा क्रम आपोआपच मिळतो.

अंबाडी

धाग्यात समुद्रकिनारा अजून आलाच नाही! मुलं विचारणार की पाण्यात कधी जायचं.

भरती_ओहोटी

प्रोमेनाडवर नाही. तिथे काळ्या दगडांची रास आहे. उतरू नका, दगड शेवाळलेले असतात आणि मधल्या फटींत पाय अडकतो.

दगड का आले ते समजून घेण्यासारखं आहे. या किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ लाटा वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवत नेतात. ईशान्य मान्सूनमध्ये काही महिने उलट. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिणेला, अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी, बंदरासाठी समुद्रात बांध घातले. वाळू बांधाच्या दक्षिणेला अडकली, उत्तरेला शहरासमोर येईना, पण लाटा मात्र असलेली वाळू नेत राहिल्या. किनारा गेला, रस्ता वाचवायला दगड टाकले. दगडांनी धूप थांबत नाही, ती आणखी उत्तरेला सरकते, म्हणून मग पुढच्या कोळीवाड्यांसमोर दगड, त्यापुढे आडवे धक्के. अलीकडे सचिवालयासमोर राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी पाचर बसवली, तेव्हापासून त्या तेवढ्या तुकड्यात वाळू पुन्हा साठली आहे. पाय भिजवायला ती बरी.

पोहायचा विचार असेल तर सावध. उत्तरेच्या सेरेनिटी बीचवर आडव्या दगडी धक्क्यांलगत परतीचा ओढा जोरात असतो. ओळखायची खूण: दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गढूळ दिसतंय, तर तो पट्टा सुरक्षित नाही, तोच ओढा आहे. सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. मुलांना पोटरीच्या वर पाणी नको.

दक्षिणेला पॅरडाइज बीच, चुन्नांबार बोटघरातून होडीने. शहरापासून ८ किलोमीटर, कडलूर रस्त्यावर. शनिवार-रविवारी तिकिटाच्या आणि परतीच्या होडीच्या, अशा दोन रांगा लागतात. सकाळी उघडता उघडता पोचलात तर दोन्ही चुकतात. अकरानंतर गेलात तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा. वाळू छान आहे, समुद्र तिथेही ओढणारा आहे.

ओसरी

घरं बघायला लोक फक्त व्हाइट टाउनमध्ये फिरतात आणि पिवळ्या भिंतीसमोर फोटो काढून परततात. कालवा ओलांडून पश्चिमेला या. वैश्याळ स्ट्रीट (पाटीवर कालवे सुब्बराय चेट्टी) हा अख्खा रस्ता इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मदतीने दुरुस्त झालेला आहे.

काय बघायचं: फ्रेंच घर रस्त्याकडे पाठ करतं. उंच कुंपणभिंत, कमानीचं फाटक, आत अंगण, मग घर. तमिळ घर रस्त्याला तोंड देतं. पुढे थिण्णै, म्हणजे आपला ओटा, वाटसरूने बसावं म्हणून. त्याच्याही पुढे तळवारम, लाकडी खांबांवर कौलारू पडवी, जी थेट पदपथावर येते. रांगेतल्या घरांच्या पडव्या जोडल्या की उन्हा-पावसात रस्ताभर सावलीत चालता येतं. बऱ्याच ठिकाणी पडव्या पाडून गटारं आणि पार्किंग आलं आहे. वैश्याळ स्ट्रीटवर त्या परत बांधल्या. मग वर बघा: खालचा मजला तमिळ आणि वरचा फ्रेंच, कमानीच्या खिडक्या, झडपांची दारं, गच्चीला कठडा. मालकाला जेवढी ऐपत आणि हौस तेवढा वरचा मजला.

भिंतीचा गिलावा शंखशिंपल्यांच्या चुन्याचा. जुना आणि चांगला असेल तर हाताला संगमरवरासारखा थंड आणि गुळगुळीत लागतो. सिमेंटवर पिवळा ऑइल पेंट फासलेला असेल तर खालच्या दोन फुटांत फुगवटे येऊन पापुद्रे सुटलेले दिसतील. ओल आणि मीठ बाहेर पडायला वाट नसते म्हणून. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. एकाच गल्लीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

प्रोमेनाडवरची मेअरी, म्हणजे नगरपालिकेची इमारत, २०१४ च्या पावसात कोसळली. आज दिसते ती जुन्या नकाशाबरहुकूम नव्याने बांधलेली.

रस्त्याच्या निळ्या पाट्या फ्रेंच आणि तमिळ. रू म्हणजे रस्ता, वीदी म्हणजेही रस्ता. एकाच रस्त्याला नकाशात एक, पाटीवर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं नाव असतं. मिशन स्ट्रीट आणि कॅथीड्रल स्ट्रीट एकच. पत्ता सांगताना नाव नको, जवळचं चर्च किंवा देऊळ सांगा.

आणि ही राहती घरं आहेत. फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नये.

नवा_भिडू

आश्रमात काय नियम? आणि लक्ष्मी हत्तीण मणकुळ विनायगर मंदिरात किती वाजता असते?

फिल्टर_कापी

लक्ष्मी नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. जुन्या पोस्टी वाचून लोक अजून केळी घेऊन जातात.

आश्रम: चपला समोरच्या स्टँडवर, फोन बंद, आत बोलायचं नाही, तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. फोटो नाही. अंगणात झाडाखाली समाधी, फुलांनी मढवलेली. दहा मिनिटं बसा, उठा. आत बघण्यासारखं "काही नाही" अशी तक्रार करणारे असतात, त्यांनी जाऊ नये. अवांतर: अरविंद बाबू १९१० मध्ये इथे आले, पण ध्यानाची पहिली दीक्षा त्यांना बडोद्यात एका मराठी माणसाने दिली होती, विष्णु भास्कर लेले यांनी.

मुक्कामाला आश्रमाची अतिथिगृहं स्वच्छ आणि स्वस्त आहेत. पण रात्री साडेदहाच्या सुमारास गेट बंद होतं, दारू-सिगारेट चालत नाही, आणि खोल्या खूप आधी जातात. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायचं असेल तर नेहरू स्ट्रीट ते मिशन स्ट्रीटच्या पट्ट्यात खोली घ्या. समुद्र दहा मिनिटांवर, भाडं व्हाइट टाउनपेक्षा कमी.

दारूवरून आठवलं: पाँडिचेरीत ती स्वस्त आहे आणि म्हणूनच तमिळनाडूच्या हद्दीवर तपासणी असते. बाटल्या डिकीत टाकून निघू नका. ऑरोविलचा बहुतेक भागही तमिळनाडूतच येतो, हे लक्षात असू द्या.

अंबाडी

ऑरोविलला, म्हणजे आश्रमाच्या माताजींनी वसवलेल्या वसाहतीला, धाग्यात फारच खालची जागा मिळाली आहे. सगळ्यांना गडच चढायचा असतो असं नाही. ज्यांना जिंजी नको त्यांनी शनिवारची सकाळ ऑरोविलला द्यावी. व्हिजिटर्स सेंटरला पोचा, छोटी चित्रफीत बघा, मगच मातृमंदिर (तिथलं ध्यानमंदिर) लांबून बघायचा पास मिळतो. तो फुकट आहे. तिथून झाडीतून साधारण किलोमीटरभर चालायचं, वडाच्या मोठ्या झाडापाशी थांबा, पुढे सोनेरी गोल. आतल्या दालनात बसायचं असेल तर ते वेगळं, आधी नोंदणी लागते आणि मंगळवारी बंद. आयत्या वेळी जाऊन "एवढ्या लांबून आलोय" म्हणून उपयोग नाही. रविवारी दुपारच्या भरवशावरही राहू नका.

कट्टेकरी

अंबाडीताई, मान्य. फक्त ऑरोविल आणि जिंजी एकाच दिवशी नको, एवढंच म्हणणं आहे. एक उत्तरेला, एक वायव्येला ६५ किलोमीटर.

तिंत्रिणी

खाण्याचं कुणीच लिहीना. क्रोसाँ आणि बगेत सकाळी नवाच्या आत घ्या. दमट हवेत दुपारपर्यंत बगेतची साल चामट होते, दोष बेकरीचा नसतो. रविवारी सकाळी गुबेर मार्केट, स्थानिक भाषेत पेरिय मार्केट. आत मासळीचा भाग, फुलांचा भाग, आणि एका कोपऱ्यात मसाल्यांची दुकानं. तिथे वडगम मागा.

वडगम म्हणजे लिंबाएवढे काळपट तपकिरी गोळे. छोटे सांबार कांदे आणि लसूण ठेचून त्यात उडीद डाळ, मोहरी, मेथी, जिरं, हळद, कढीपत्ता घालतात, दिवसा उन्हात वाळवतात, रात्री पुन्हा मळून गोळे करतात, असं बरेच दिवस. शेवटी एरंडेल तेलाचा हात. सांडग्यांच्या घरातलाच प्रकार, पण हा तळून खायचा नाही, फोडणीत चुरायचा. फ्रेंचांनी हाच मसाला "वादुवाँ" नावाने उचलला. विमानतळावरच्या दुकानातली वादुवाँची बाटली वेगळी आणि भुकटी असते, ती घेऊ नका.

घेताना: गोळा दाबला तर कडक हवा, मऊ असेल तर आत ओल आहे आणि महिन्यात बुरशी येते. वास तीव्र असतो, कपड्यांच्या बॅगेत दोन पिशव्यांत बांधून ठेवा. वापरताना चार माणसांच्या आमटीला अर्धा गोळा पुरे, आणि तेल मध्यम तापलेलं. कडकडीत तेलात मेथी आधी जळते आणि सगळं कडू होतं. मोहरी त्यात असतेच, वेगळी घालू नका.

क्रिओल (फ्रेंच-तमिळ मिश्र) जेवण रविवारी दुपारी मिळतं ते आधी फोन करून ठरवलं तर. शाकाहाऱ्यांनी सरळ केळीच्या पानावरचं तमिळ जेवण घ्यावं. फ्रेंच पाटीखालचा शाकाहारी पास्ता कुठेही मिळतो.

कट्टेकरी

परतीचं राहिलं. रविवारी संध्याकाळी ईसीआरवर सगळी चेन्नई परत निघते; महाबलीपुरम ते कोवलम हा पट्टा अडतो. रात्री साडेनवाचं विमान असेल तर तीनला पाँडिचेरी सोडा: साडेतीन तास रस्ता, एक तास कोंडी, दोन तास विमानतळ. याच वाटेवर "पंधरा मिनिटं महाबलीपुरम" असं कुणी गाडीत म्हणालं तर ऐकू नका, गावात आत-बाहेर करायलाच अर्धा तास जातो. बंगळूरकरांनी दुपारी जेवून दोनला निघावं, चेंगमच्या पुढचा रस्ता उजेडात पार होतो.

नवा_भिडू

सगळ्यांचे आभार. शेवटचं: गाडी नसेल तर पाँडिचेरीहून जिंजी बसने जमेल?

सह्यकडा

जमेल. पाँडिचेरी बसस्थानकातून तिरुवण्णामलैची बस, दोन-अडीच तास. सगळ्याच तिरुवण्णामलै बस त्या मार्गाने जात नाहीत, काही विळुपुरमवरून जातात, तेव्हा चढण्याआधी विचारा. आणि "जिंजी" विचारू नका, कुणाला कळणार नाही. तिथे नाव सेंजी. कंडक्टरला "सेंजी कोट्टै" सांगा. किल्ला सेंजी स्टँडच्या पुढे तिरुवण्णामलैच्याच रस्त्यावर दीड-दोन किलोमीटर आहे. तिथे थांबवतो म्हणाला तर बरं, नाही तर स्टँडवरून रिक्षा. रिक्षावाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवून घ्या, किल्ल्याच्या फाटकावर दुपारी रिकामी रिक्षा मिळत नाही. सकाळी सहाची बस पकडली तर साडेआठला खाली, इडली खाऊन नऊला फाटकावर.